मेथोट्रेक्सेट : वार चुकू नये असे औषध

१९४८ साली बोस्टन येथे सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिले आणि काहींचा रोग काही काळ मागे हटला. ते ज्या अमेरिकी प्रयोगशाळेत तयार झाले, तेथील संशोधनाचे नेतृत्व भीमावरमचे यल्लाप्रगड सुब्बाराव करीत होते. मेथोट्रेक्सेट हे त्याच औषधाचे धाकटे भावंड होय.

पेशींच्या विभाजनाला फोलिक आम्ल लागते. मेथोट्रेक्सेट त्याच्या कार्यात अडथळा आणते. त्यामुळे झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशी मरतात. परंतु तोंडाचे अस्तर, आतडी व अस्थिमज्जा येथील निरोगी पेशीही अशाच वेगाने विभागत असतात. तोंड येणे, रक्तातील पांढऱ्या पेशी घटणे हे परिणाम म्हणूनच उद्भवतात.

हेच औषध संधिवातासारख्या विकारांत अल्प मात्रेत देतात, तेही आठवड्यातून एकदाच. खरा धोका येथे आहे. गोळी म्हटली की ती रोजची, असा आपला समज! ही गोळी रोज घेतली गेल्यास थोड्याच दिवसांत अस्थिमज्जा निकामी होऊन प्राणावर बेतू शकते. म्हणून चिठ्ठीवर वार स्पष्ट लिहून घ्यावा. चुकून जास्त गोळ्या घेतल्या गेल्यास त्रास सुरू होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. फोलिनिक आम्ल हा उतारा जितका लवकर मिळेल तितका उपयोगी. औषध मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. ती दुर्बल असल्यास नेहमीची मात्राही जड जाते. ताप आला, तोंडात व्रण दिसले, तर पुढची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.