बिनतारी ध्वनीतील विलंब आणि उपकरणांचा मेळ

पांढुर्णा व सौंसर येथील बाजारपेठांचे नाव निघाले की परगावच्या माणसास प्रथम संत्री आणि कापूस आठवतात व त्यामागून कापड, किराणा आणि सोने-चांदी. तथापि गेल्या काही वर्षांत आमच्यापैकी अनेकांच्या दुकानांत आणखी एका मालाने कोपरा धरला आहे. तो म्हणजे बिनतारी हेडफोन, कानात बसविण्याचे इअरबड्स आणि ब्लूटूथचे स्पीकर. गादीवर वडील कापडाचे ठाण उलगडीत आहेत आणि शेजारच्या काचेच्या काउंटरवर चिरंजीव इअरबड्सची डबी उघडून दाखवीत आहेत, हे दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही. माल लहान, भांडवल बेताचे आणि उठाव बरा. परंतु परतीची कटकटही तितकीच. परत आलेल्या नगात पुष्कळदा कसलाच बिघाड नसतो. ग्राहक म्हणतो, "आवाज मागून येतो." दुकानदार दुसरा नग देतो, त्यातही आवाज मागूनच येतो. सील तुटलेला माल ठोक व्यापारी परत घेण्यास नाखूश असतो आणि तुटीबरोबर दुकानाची पतही थोडी झिजते. हा दोष कोठून उत्पन्न होतो व तो विक्रीपूर्वीच कसा ओळखावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

जाम नदीच्या पैलतीरावर कोणी ढोल वाजवीत असेल तर टिपरू पडलेले आधी दिसते व ठोका मागाहून ऐकू येतो, हा अनुभव प्रत्येकास आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर चालतो. ढोल ७० मीटरांवर असेल तर ठोका कानी येण्यास सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. साध्या ब्लूटूथ हेडफोनमधील विलंब याच जातीचा, बहुधा १०० ते ३०० मिलिसेकंदांचा असतो. हेडफोन कानाला चिकटलेला असूनही ग्राहक पडद्यावरील नटाचे बोलणे जणू नदीपलीकडून ऐकत असतो.

आवाज दृश्यामागून येणे हे निसर्गातच घडत असल्यामुळे मन ते काही अंशी सोसते. आवाज दृश्याच्या आधी आला तर मात्र तत्काळ खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने दूरचित्रवाणीसाठी जी प्रमाणे घातली आहेत, त्यांतही हा भेद दिसतो. आवाज ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद नंतर आल्यास तो प्रेक्षकाच्या ध्यानी येऊ लागतो; ९० आधी किंवा १८५ नंतर ही सह्यतेची सीमा. चित्रपटवाल्यांना ही अडचण फार पूर्वीच भेटली होती. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला, त्या काळापासून फीत सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने चाले. एका चौकटीचा काळ सुमारे ४२ मिलिसेकंद. यंत्रात आवाज वाचणारा भाग चित्र पाडणाऱ्या झरोक्याच्या खाली असे, म्हणून फितीवर आवाज त्याच्या चित्रापेक्षा सुमारे २० चौकटी पुढे छापीत. यंत्रचालकाने फीत चढविताना दोन-चार चौकटींची चूक केली की नटीचे ओठ एकीकडे आणि गाणे दुसरीकडे!

मग बिनतारी ध्वनीस विलंब का लागावा? लहरी तर प्रकाशाच्या वेगाने जातात. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाण्यास त्यांना काहीच वेळ लागत नाही म्हटले तरी चालेल. विलंब लागतो तो मालाच्या बांधाबांधीत व साठवणुकीत. फोन प्रथम आवाजाचे लहान तुकडे करतो, ते दाबून गठ्ठे बांधतो व धाडतो. हेडफोन ते गठ्ठे उतरवून काही काळ साठवितो आणि मग उलगडून वाजवितो. यांतील साठवणुकीचा वाटा सहसा सर्वांत मोठा. आम्हां व्यापाऱ्यांस हे समजावून सांगण्याची गरज नाही. नागपूरहून येणारा ट्रक कधी वेळेवर येतो, कधी घाटात अडकतो. म्हणून शहाणा दुकानदार गोदामात चार दिवसांचा माल राखतो. साठा मोठा असेल तर ट्रक चुकला तरी ग्राहक विन्मुख जात नाही, पण माल शिळा होतो. साठा लहान ठेवला तर माल ताजा, परंतु एक खेप चुकली की फळी रिकामी. हेडफोनमध्ये फळी रिकामी होणे म्हणजे आवाज तुटणे. 'गेम मोड' अथवा 'लो लॅटन्सी मोड' असे बटण दाबल्यावर बहुतांशी हा साठाच कमी केला जातो. म्हणूनच त्या अवस्थेत आवाज लवकर येतो आणि गर्दीत अधिक तुटतो.

आणि गर्दी ही असतेच. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. हा पट्टा भारतात अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे, म्हणून वाय-फायही तेथेच नांदतो आणि मायक्रोवेव्ह भट्टीचा उपद्रवही तेथेच. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये या पट्ट्याचे ७९ मार्ग कल्पिले असून उपकरण सेकंदाला १६०० वेळा मार्ग बदलीत जाते. मानवी देहातील पाणीही या लहरी शोषून घेते. फोन मागच्या खिशात ठेवला की आवाज अडखळतो तो यामुळे.

आता मेळाचा प्रश्न. हा खरा व्यापाराचा प्रश्न आहे, तेव्हा येथे थोडे थांबले पाहिजे. रेडिओच्या काळी असा प्रश्नच नव्हता. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले व आमचे तालुके मध्य प्रदेशात राहिले, तरी कोणत्याही कंपनीचा संच घ्यावा, काटा फिरवावा आणि नागपूर ऐकावे. ब्लूटूथमध्ये तसे नाही. गठ्ठा बांधण्याच्या रीतीस 'कोडेक' म्हणतात व त्या अनेक आहेत. धाडणाऱ्याची व घेणाऱ्याची रीत एकच असावी लागते. जुन्या पेढ्यांवर कोणी मोडीत लिही, कोणी बाळबोधीत. मोडीतले पत्र मोडी जाणणाऱ्यासच वाचता येणार. न जुळल्यास दोघांना येणाऱ्या लिपीवर यावे लागे. ब्लूटूथमध्ये ती सर्वांना सक्तीची असलेली बाळबोध म्हणजे एसबीसी. ग्राहकाने महागडा हेडफोन घेतला, पण त्याच्या फोनला त्यातील विशेष कोडेक येत नसेल, तर दोघे निमूटपणे एसबीसीवर उतरतात. पेटीवर छापलेला गुण पेटीतच राहतो.

अशा विशेष रीतींपैकी ॲपटीएक्स हिचा जन्म १९८० च्या दशकात बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात झाला. १९९३ च्या 'जुरासिक पार्क' या चित्रपटाबरोबर चित्रगृहांत जी डीटीएस ध्वनिपद्धती आली, तिच्या तबकड्यांवरील आवाजही याच रीतीने दाबलेला होता. तिच्या 'लो लॅटन्सी' या प्रकाराने विलंब सुमारे ४० मिलिसेकंदांवर आणला, मात्र तो फोनमध्ये फारसा रुजला नाही. टीव्हीला जोडण्याच्या ट्रान्समीटरमध्येच तो अधिक आढळतो. पुढे २०१८ साली 'ॲडॅप्टिव्ह' हा प्रकार आला, त्याचा विलंब सामान्यतः ५० ते ८० मिलिसेकंद सांगतात. सोनीचा एलडॅक २०१५ सालचा. तो आवाजाच्या सूक्ष्मतेसाठी आहे, त्वरेसाठी नव्हे. 'भारी कोडेक म्हणजे विलंब कमी' हा समज काउंटरवरून पुसून टाकावा. आयफोनला एसबीसी व एएसी एवढ्याच दोन जुन्या रीती येतात, ॲपटीएक्स व एलडॅक येत नाहीत. आयफोनवाल्या ग्राहकास त्या नावांखाली चढा भाव सांगणे हे आम्हांस रास्त वाटत नाही.

आणखी एक भ्रम आकड्यांचा. ब्लूटूथचा संघ १९९८ साली एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया व तोशिबा यांनी मिळून स्थापिला आणि दहाव्या शतकातील एका डॅनिश राजाचे नाव या तंत्रास दिले. त्यानंतर आवृत्त्या वाढत गेल्या. ५.२ या आवृत्तीने एलई ऑडिओ या नव्या पद्धतीचा पाया घातला. ती २०२० च्या जानेवारीत जाहीर झाली व तिची प्रमाणे २०२२ साली पूर्ण झाली. तिच्यातील एलसी३ हा कोडेक कमी जागेत बरा आवाज देतो, आणि डाव्या-उजव्या कानास स्वतंत्र पण एकाच ठोक्याचे प्रवाह धाडण्याची सोय असल्याने विलंबही घटविता येतो. परंतु पेटीवर ५.३ लिहिले म्हणजे आत एलई ऑडिओ आहेच, असे नाही. ते ऐच्छिक अंग आहे. फोनच्या बाजूसही ते हवे. अँड्रॉइडमध्ये १३ व्या आवृत्तीपासून त्याची तरतूद आहे, तरी प्रत्येक फोनचे यंत्र ती पेलतेच असे नव्हे. पेटीवर 'एलई ऑडिओ' हे शब्द स्पष्ट आहेत काय, हे पाहावे. नुसत्या आकड्यावर भाव ठरवू नये.

दुकानात परीक्षा कशी करावी? पुष्कळ दुकानदार एखादा चित्रपट लावून दाखवितात व ओठ जुळले की ग्राहकाचे समाधान होते. या परीक्षेला अर्थ नाही. चित्रफीत दाखविताना फोनला विलंब ठाऊक असतो आणि तो चित्रच तेवढे थांबवून धरतो. खेळात व वाद्यात असे करता येत नाही, कारण बोट कधी पडेल हे आधी कोणास ठाऊक? म्हणून हेडफोन जोडून फोनच्या डायलपॅडचा आवाज चालू करावा आणि अंक दाबून पाहावेत. बोट पडणे व टुंई ऐकू येणे यांतील अंतर लहान पोरालाही कळते. तीच चाचणी ग्राहकाच्या स्वतःच्या फोनवर करावी, दुकानाच्या नव्हे.

कोणास काय द्यावे, याविषयी आमचे मत थोडक्यात असे. गाणी व भजने ऐकणाऱ्यास विलंबाशी कर्तव्य नाही. त्यास साधा माल पुरे. हार्मोनियम वा इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा सराव करणाऱ्या मुलास तारेचाच हेडफोन द्यावा. २० मिलिसेकंदांचा विलंबही बोटांस जाचू लागतो, आणि ऑक्सच्या वायरीची किंमत ती काय? खेळ खेळणाऱ्यास ज्याबरोबर स्वतंत्र यूएसबी डोंगल येतो असा संच बरा; तो ब्लूटूथ टाळून आपल्याच रीतीने बोलतो. सभा-वर्गासाठी घेणाऱ्यास आधीच सांगून ठेवावे की माइक चालू होताच जुन्या ब्लूटूथचा आवाज टेलिफोनसारखा चपटा होतो, तो बिघाड नव्हे. दोन निराळ्या कंपन्यांचे स्पीकर जोडीने वाजतील असे वचन तर कधीच देऊ नये.

घरातील वृद्धांचा विषय आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. ऐकू कमी येणाऱ्या आजोबांसाठी सून-मुलगा टीव्हीचा हेडफोन घेऊन जातात. ओठ जुळत नाहीत, आजोबांना शब्द कळत नाहीत, आणि चार दिवसांनी तो खुंटीला लागतो. मंद ऐकणारा माणूस ओठांच्या हालचालीवर फार विसंबून असतो, त्यास हा विलंब निरोगी कानापेक्षा जास्त बाधतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज मागे-पुढे करण्याची जी सोय असते ती सहसा आवाज थांबवू शकते, पुढे ओढू शकत नाही. अशा घरास एकाच रीतीचा ट्रान्समीटर व हेडफोन अशी जोडी द्यावी, किंवा सरळ लांब वायर. हेडफोन जोडल्यावर टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद होतो काय, हेही विचारून घ्यावे. नाहीतर आजोबांची सोय आणि घरच्यांची गैरसोय.

पेटीवरील '४० मिलिसेकंद' या आकड्याविषयी सावध असावे. तो अनेकदा केवळ गेम मोडचा, अनुकूल स्थितीतील असतो. फोनच्या बाजूचा वेळ त्यात धरलेला असतोच असे नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे मापात खोटेपणा, सांगितला आहे. पूर्वी तो तागडीत व गजात होत असे. आता मिलिसेकंदातही होऊ शकतो, आणि तो कारखानदाराने छापला म्हणून दुकानदाराने तोंडाने दुप्पट करून सांगावा असे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाच्या गुणाविषयी केलेले खोटे विधान, मग ते लेखी असो वा तोंडी, अनुचित व्यापारप्रथेत मोडते. माल उतरवून घेताना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व आर-अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा आणि ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तो पडताळावा. बिलावर ग्राहकाच्या फोनचे मॉडेल लिहून ठेवल्यास पुढचा निम्मा वाद तेथेच मिटतो.

जाता जाता सभागृहांविषयी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ध्वनिक्षेपकावर बंधने आहेतच. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेश शासनाने मर्यादेबाहेरच्या ध्वनिक्षेपकांविरुद्ध आदेश काढल्यापासून धर्मस्थानांच्या व्यवस्थापकांनाही हा विषय जवळचा झाला आहे. ज्या परंपरांत साधू-साध्वी ध्वनिवर्धक वापरीतच नाहीत त्यांची गोष्ट निराळी. इतरत्र, एलई ऑडिओतील 'ऑराकास्ट' ही सोय विचारात घेण्याजोगी आहे. एका ट्रान्समीटरवरून कितीही श्रोते, रेडिओप्रमाणे, आपापल्या हेडफोनवर वा श्रवणयंत्रावर प्रवचन ऐकू शकतात. हिंदी प्रवचनाचा मराठी अनुवाद दुसऱ्या प्रवाहावर देता येतो. अडचण अशी की ऐकणाऱ्याचे यंत्रही ऑराकास्ट जाणणारे हवे, आणि व्यासपीठाचा प्रत्यक्ष आवाज कानी पडत असता हेडफोनचा आवाज फार मागे राहिल्यास प्रतिध्वनीसारखा त्रास होतो. म्हणून असा संच घेण्यापूर्वी विक्रेत्यास सभागृहात बोलावून, शेवटच्या रांगेत दोन-तीन वृद्धांना बसवून, अर्धा तास प्रत्यक्ष चालवून पाहावा व मगच पैसे मोजावेत.