आधी पेन्सिल, मग टाइल

नव्या फ्लॅटचं पझेशन मिळालं की आपण सगळ्यात जास्त डोकं कशावर खर्च करतो? हॉलचा रंग, किचनचा ओटा, टीव्ही युनिट. आणि बाथरूम? शोरूममध्ये पंधरा मिनिटं, ‘ही बेज छान वाटतेय’, विषय संपला! टाइल कुठली हे आपण ठरवतो. ती कुठून सुरू करायची आणि कुठे कापायची हे मात्र मिस्तरी ठरवतो. आणि ओल्या पायांनी रोज उभं राहायचं असतं ते नेमकं या दुसऱ्या निर्णयावर.

हा सगळा फंडा मला क्लिअर झाला तो नंदुरबारला, आमच्या घराचं बाथरूम नव्याने करताना. नंदुरबार म्हटलं की पुण्याच्या मित्रमंडळींना मिरची आठवते, फार तर २०१० मध्ये देशातलं पहिलं आधार कार्ड इथल्या टेंभली गावात दिलं गेलं हे जीकेमधलं वाक्य. टाइल्सच्या बाबतीत मात्र आमचा जिल्हा मोक्याच्या जागी आहे. गुजरातची हद्द खेटून, आणि टाइल्सची पंढरी असलेलं मोरबी गुजरातमध्येच. त्यामुळे दुकानात व्हरायटीला तोटा नाही. तोटा आहे तो प्लॅनिंगला.

शहाबादी गेली, चकाकी आली

आमच्या न्हाणीघरात आधी शहाबादी फरशी होती. कर्नाटकातल्या शहाबादचा हा दगड महाराष्ट्रातल्या कित्येक मोऱ्यांनी पाहिलाय. दिसायला साधा, पण खडबडीत असल्याने पाय धरून ठेवणारा. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने ती काढून गुळगुळीत, चकचकीत टाइल्स बसवल्या. उतार चुकला. पाणी नहाणी ट्रॅपकडे जाण्याऐवजी मधोमध साचायला लागलं. एका सकाळी आजी तिथेच घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तेव्हापासून ती वॉकर घेऊन चालते आणि अंघोळीला आईला सोबत घ्यावं लागतं. नव्या बाथरूमबद्दल तिची डिमांड एकच होती, ‘मला माझी माझी अंघोळ करता आली पाहिजे.’

म्हणजे यावेळी प्रश्न लूकचा नव्हताच.

साइझचं लॉजिक

दुकानदाराने आधी दाखवल्या दोन बाय दोन फुटांच्या टाइल्स. ‘ताई, सध्या हेच चालतं. सांधे कमी, साफ करायला सोपं.’ खरंय. पण बाथरूमची जमीन सपाट नसते, ती ट्रॅपकडे उतरत जाते. दर फुटाला एक-दीड सूत, म्हणजे सात फुटांत साधारण इंचभर किंवा थोडा जास्त उतार. मोठी टाइल वाकत नाही, त्यामुळे उतार दोन दिशांनी येत असेल तर ती तिरकी कापावी लागते. लहान टाइल तो उतार सहज घेते. शिवाय जितके सांधे जास्त, तितकी पायाला पकड जास्त. आम्ही बारा इंची, मॅट फिनिशची घेतली.

पाकिटावर आर-९, आर-१० असं काही छापलेलं असतं. ही जर्मन पद्धतीची घसरण-चाचणी. ती उतारावर तेल टाकून, पायात बूट घालून करतात. अनवाणी पायांसाठी वेगळी चाचणी आहे. तिचे ग्रेड ए, बी, सी, आणि त्यात सी सगळ्यात पकडदार. बाथरूमसाठी विचारायचं ते हे. दुकानदाराला माहीत नसेल तर सँपलवर तांब्याभर पाणी ओता आणि चप्पल काढून उभे राहा. लोक बघतील, बघू देत!

चार इंचांची पट्टी

आता मेन मुद्दा. आमचं बाथरूम ५६ इंच रुंद आणि ८८ इंच लांब. मिस्तरी म्हणाले, ‘ताई, दारापासून चालू करू, कोपऱ्यातून. दीड दिवसात मोकळं.’ मी ग्राफ पेपर काढला. सांधा धरून टाइल बारा इंच. लांबीत सात पूर्ण टाइल्स बसतात आणि मागच्या भिंतीशी उरते चार इंचांची पट्टी. रुंदीत चार पूर्ण आणि आठ इंच.

ती चार इंचांची पट्टीच डेंजर! एक तर मागची भिंत पाच सूत तिरकी निघाली, म्हणजे पट्टी एका टोकाला साडेतीन इंचांहूनही कमी. दुसरं म्हणजे ट्रॅप त्याच कोपऱ्यात. पाच इंची जाळी त्या पट्टीत मावणार नाही, ती दोन ओळींत फाटणार. म्हणजे जिथे पाणी सगळ्यात जास्त, तिथेच सगळ्यात बारीक तुकडे आणि सगळ्यात जास्त सांधे.

उपाय साधा आहे. उरलेली पट्टी अर्ध्या टाइलपेक्षा लहान येत असेल, तर एक पूर्ण टाइल कमी करायची आणि जागा दोन्ही टोकांना वाटायची. लांबीत सहा पूर्ण आणि दोन्हीकडे आठ-आठ इंच. रुंदीतही तसंच केलं : तीन पूर्ण आणि दोन्हीकडे दहा-दहा. कोपऱ्यात दहा बाय आठचा एक सलग तुकडा आला आणि जाळी त्याच्या बरोबर पोटात बसली.

खर्च? कोपऱ्यातून लावलं असतं तर कापलेले तुकडे वापरून पस्तीस टाइल्समध्ये भागलं असतं. आता चाळीस लागल्या. पाच टाइल्सचा फरक. मिस्तरींनी आधी मान हलवली, मग मसाला न घालता सगळ्या टाइल्स कोरड्या मांडून बघितल्या आणि म्हणाले, ‘असंच करू.’

आज आजी स्टुलावर बसून स्वतः अंघोळ करते. आई दाराबाहेर उभी असते, पण आत जात नाही. दार मात्र लोटलेलंच ठेवायचं, कडी लावायची नाही, हा आईचा नियम. आजीला तो अजिबात मान्य नाही.

तुमच्या बाथरूमसाठी

- माप प्लास्टर आणि भिंतीच्या टाइल्स धरून घ्या, दोन्ही टोकांना. आकडे वेगळे आले तर भिंत तिरकी आहे.
- कोपरा काटकोनात आहे का? एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करा. दोन खुणांमधलं अंतर ५ फूट यायला हवं.
- आधी ट्रॅपची जागा ठरवा, मग टाइल्सची मांडणी.
- तुटफुटीसाठी दहा टक्के टाइल्स जास्त, एकाच बॅचच्या घ्या. नंतर तीच शेड मिळत नाही.
- आधाराचे दांडे बसवायचे असतील तर भिंतीच्या टाइल्स लागण्याआधी जागा पक्की करा.
- ग्राउट भरण्याआधी बादलीभर पाणी ओता. कुठे साचलं तर टाइल तेव्हाच उचलायला सांगा. मिस्तरी वैतागतील, चालेल.