जोगलटेंभी नाणेसंचय

जोगलटेंभी नाणेसंचय हा नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी (ता. सिन्नर) या गावी १९०६ साली सापडलेला चांदीच्या प्राचीन नाण्यांचा साठा होय. पंचवटीपासून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर खाली गेल्यास हे गाव लागते. साठ्यात १३,००० हून अधिक नाणी होती. ती सर्व मुळात क्षहरात घराण्यातील क्षत्रप नहपान याची. मात्र त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपली मुद्रा पुन्हा उमटवली आहे. युद्धातील विजय व सत्तांतर यांची साक्ष एकाच नाण्यावर देणारा इतका मोठा साठा विरळाच.

नहपानाचे नाणे सुमारे २ ग्रॅम वजनाचे असून त्याच्या दर्शनी बाजूस राजाचा मुखवटा व भोवती ग्रीक अक्षरे, तर मागील बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील लेख असतो. गौतमीपुत्राच्या कारागिरांनी ही नाणी वितळवली नाहीत. त्यांच्या एका बाजूवर तीन कमानींचा डोंगर व राजाचे नाव, तर दुसरीवर उज्जयिनी चिन्ह ठोकले. नवा ठसा जेथे पुरता बसला नाही, तेथे जुन्या राजाचे नाक, कपाळ किंवा एखादे ग्रीक अक्षर अजूनही दिसते.

या घटनेला नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेखांचा आधार आहे. नहपानाचा जावई उषवदात याने तेथील दहाव्या लेण्यात आपली दाने नोंदवली. त्यांत ७०,००० कार्षापणांचा उल्लेख येतो. पुढे तिसऱ्या लेण्यातील लेखात, गौतमीपुत्राने राज्याच्या अठराव्या वर्षी उषवदाताकडे असलेले शेत भिक्षूंना दिल्याचे नमूद आहे. त्याच लेण्यात त्याची माता गौतमी बलश्री हिने त्याला क्षहरात वंश निःशेष करणारा म्हटले आहे. नहपान व गौतमीपुत्र समकालीन होते, या मतास नाण्यांनी बळकटी आणली.

या नाण्यांना आजच्या अर्थाने स्मारक नाणी म्हणणे मात्र योग्य नव्हे. १९६५ च्या युद्धाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भारत सरकारने २०१५ मध्ये काढलेले नाणे स्मरणासाठीच घडवले होते. गौतमीपुत्राला चलन हवे होते, आणि ते आपल्या नावाचे हवे होते. साठ्यातील सुमारे ४,००० नाणी जुन्या मुद्रेसहच राहिली, यावरून साठवणाऱ्याच्या लेखी दोन्हींतील चांदी सारखीच मोलाची होती, असे दिसते.