बर्सर्कर अ‍ॅक्स: बळ देणारी कुऱ्हाड शापित कशी?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळताना खजिना सापडला की सगळेच खूश होतात. पण त्यातली एखादी वस्तू शापित असू शकते, आणि ते ती घेणाऱ्याला आधी कळत नाही. 'बर्सर्कर अ‍ॅक्स' ही अशीच एक जादूची कुऱ्हाड. तिचा शाप नेमका काय आहे?

खेळ कसा चालतो?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेत १९७४ मध्ये बाजारात आला. काही जण टेबलाभोवती बसतात आणि प्रत्येक जण एक पात्र चालवतो: कुणी योद्धा, कुणी जादूगार. 'डंजन मास्टर' गोष्ट पुढे नेतो, शत्रूंच्या चाली खेळतो आणि नियमांचा निवाडा करतो. एखादी गोष्ट जमली की फसली, हे बहुतेक वेळा २० बाजूंचा फासा ठरवतो.

कुऱ्हाड काय देते?

२०१४ च्या नियमांनुसार या कुऱ्हाडीने केलेल्या प्रत्येक वारात १ ची भर पडते. शिवाय पात्र जितक्या लेव्हलचं, तितके जास्तीचे हिट पॉइंट त्याला मिळतात. पाचव्या लेव्हलच्या योद्ध्याला ५ हिट पॉइंट जास्त, म्हणजे मार सोसायची ताकद वाढते.

मग शाप कसला?

कुऱ्हाडीचा पूर्ण फायदा घ्यायचा तर पात्राला तासभर विश्रांती घेऊन तिच्याशी जादूचं नातं जोडावं लागतं. हे नातं जुळताच शापही लागतो. मग पात्र ती कुऱ्हाड सोडायला तयार होत नाही, ती सतत हाताशी ठेवतं. शत्रू जवळ असताना दुसरं शस्त्र उचललं, तर फासा दोनदा टाकून कमी आलेला आकडा धरावा लागतो.

खरा धोका पुढे आहे. शत्रूचा मार लागला की दर वेळी फासा टाकायचा आणि विस्डम या गुणाची बेरीज धरून १५ किंवा जास्त आणायचे. बेरीज शून्य असेल, तर २० पैकी ६ आकडेच वाचवतात. म्हणजे १० पैकी ७ वेळा पात्र बेभान होतं. मग ते सर्वात जवळ असेल त्याच्यावर वार करतं, मग तो शत्रू असो की सोबती. ६० फुटांच्या आत कुणी दिसेनासं आणि ऐकू येईनासं होईपर्यंत हे थांबत नाही.

उत्तर युरोपातल्या जुन्या सागांमध्ये लढताना भान हरपणारे 'बर्सर्कर' योद्धे येतात. कुऱ्हाडीचं नाव त्यांच्यावरून आलं आहे.

शाप आधी ओळखता येत नाही का?

वस्तूचे गुण सांगणारा 'आयडेंटिफाय' हा मंत्रसुद्धा सहसा शाप उघड करत नाही. 'रिमूव्ह कर्स' मंत्राने पात्राचं आणि कुऱ्हाडीचं नातं तुटतं, तिला टाकून देता येतं. पण कुऱ्हाडीतला शाप तसाच राहतो. ती कुणाला विकली, तर तेच विकतचं दुखणं दुसऱ्याच्या गळ्यात पडतं.

खेळात अशी वस्तू हवी कशाला?

नुसतं नुकसान करणारी वस्तू खेळाडूला फसवल्यासारखी वाटते. खेळात आपल्या पात्राने काय करायचं हे ठरवण्याचा हक्क खेळाडूचा असतो. बेभान होताच तोच जातो, आणि त्याची किंमत शेजारी बसलेला मित्र मोजतो. म्हणून अनुभवी डंजन मास्टर आधी खुणा पेरतात: आधीच्या मालकाची गोष्ट, किंवा आपसातच लढून मेलेल्या सैनिकांचे सांगाडे. अशा खुणा दिसूनही एखाद्याने कुऱ्हाड उचलली, तर पुढे जे घडेल तो त्याचा निर्णय ठरतो. सोबत्यांनाही ठरवावं लागतं: लढाईत त्याच्या शेजारी उभं राहायचं, की ६० फूट लांब?