क्रीचर पत्त्यांचे मूल्यमापन

क्रीचर पत्त्यांचे मूल्यमापन म्हणजे संग्राह्य पत्त्यांच्या खेळात नव्याने आलेला क्रीचर पत्ता प्रत्यक्ष खेळात किती उपयोगी ठरेल, याचा त्यावरील मजकुरावरून बांधलेला अंदाज होय. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळात या विचाराला विशेष महत्त्व आहे. तेथे दर वर्षी नवे पत्ते येतात आणि कोणते पत्ते विकत घ्यावेत किंवा डेकमध्ये ठेवावेत, हे खेळाडूला अनेकदा अनुभव येण्यापूर्वीच ठरवावे लागते. हा अंदाज खेळाडूंप्रमाणेच खेळाच्या निर्मात्यांचाही चुकलेला आहे. काही वेळा त्यामुळे नवा पत्ता स्पर्धांतून काढून टाकावा लागला आहे.

पार्श्वभूमी

पारंपरिक पत्त्यांच्या खेळांत पानांचा क्रम ठरलेला असतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह अशा दहा अवतारांचे दहा रंग असून प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा अशी १२ पाने, म्हणजे एकूण १२० पाने असतात. निम्म्या रंगांत दहाचे पान वरचढ असते, तर उरलेल्या रंगांत एकाचे. हा नियम एकदा शिकला की कोणत्याही पानाचे बळ सांगता येते. मेंढीकोटात दश्शी ही गुलाम, राणी, राजा आणि एक्का यांच्याहून हलकी असली तरी सारा डाव तिच्यासाठीच खेळला जातो. म्हणजेच पानाचा क्रम आणि पानाचे मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही मेंढीकोटात नवे पान कधी येत नाही.

संग्राह्य पत्त्यांच्या खेळात मात्र पानांची संख्या सतत वाढत जाते. गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला मॅजिक हा खेळ अमेरिकेतील ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने १९९३ साली प्रसिद्ध केला. आधुनिक संग्राह्य पत्त्यांच्या खेळांची सुरुवात त्यापासून मानली जाते. प्रत्येक खेळाडू स्वतःच्या संग्रहातून किमान ६० पत्त्यांचा डेक तयार करतो. मूलभूत भूमिपत्ते वगळता एका नावाचे चारपेक्षा अधिक पत्ते त्यात ठेवता येत नाहीत. दोन्ही खेळाडू २० जीवनगुणांनी सुरुवात करतात आणि सामान्यतः ज्याचे जीवनगुण संपतात तो हरतो.

क्रीचर पत्त्याची रचना

क्रीचर पत्ता हा खेळाडूच्या बाजूने लढणारा जीव असतो. तो मनुष्य, पशू, देवदूत, राक्षस किंवा ड्रॅगन असू शकतो. पत्त्यावर चार गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली किंमत, ती ‘माना’ या ऊर्जेत मोजली जाते. माना मुख्यतः भूमिपत्त्यांतून मिळते आणि एका पाळीत साधारणपणे एकच भूमिपत्ता मांडता येतो. त्यामुळे पाच मानाचा क्रीचर सहसा पाचव्या पाळीपूर्वी येत नाही. दुसरी शक्ती, म्हणजे तो किती इजा करतो. तिसरी चिवटपणा, म्हणजे किती इजा झाल्यावर तो मरतो. चौथी त्याच्या अंगची विशेष क्षमता. शक्ती व चिवटपणा ‘२/२’ अशा पद्धतीने लिहितात.

मोजपट्टी म्हणून पहिल्या संचातील ‘ग्रिझली बेअर्स’ हा पत्ता वापरला जातो. दोन माना देऊन २/२ क्रीचर मिळतो, त्याला दुसरी कोणतीही क्षमता नाही. खेळाडूंच्या बोलीत अशा पत्त्याला ‘बेअर’, म्हणजे अस्वलच म्हणतात. नवा दोन मानाचा पत्ता पाहताना प्रथम विचारले जाते, की त्याला अस्वलापेक्षा काय अधिक आहे आणि त्याबदल्यात काय सोडावे लागते.

आकड्यांची मर्यादा

शक्ती आणि चिवटपणा यांचे आकडे प्रथम नजरेत भरतात. नवख्या खेळाडूची चूक बहुधा येथेच होते. मोठा क्रीचर मैदानात टिकला तरच त्याच्या आकड्यांना अर्थ असतो. ‘बेनस्लेअर एंजल’ (२००९) हा पाच मानाचा ५/५ देवदूत आहे. तो उडतो, लढाईत प्रथम वार करतो आणि केलेल्या इजेइतके जीवनगुण आपल्या खेळाडूला मिळवून देतो. तो दोन-तीन पाळ्या टिकला तर डाव जवळजवळ संपतो. परंतु त्याच वर्षी त्याच संचात आलेला ‘डूम ब्लेड’ हा दोन मानाचा पत्ता काळ्या रंगाचा नसलेला कोणताही क्रीचर नष्ट करतो. पाच माना खर्चून मांडलेला देवदूत दोन मानात गेला, तर दोन्ही बाजूंचा एकेक पत्ता खर्ची पडतो. मात्र पहिल्या खेळाडूची तीन माना अधिक वाया गेलेली असते.

याउलट ‘मलड्रिफ्टर’ (२००७) हा पाच मानाचा केवळ २/२ उडणारा क्रीचर आहे. पण मैदानात येताच तो मालकाला दोन नवे पत्ते ओढू देतो. प्रतिस्पर्ध्याने त्याला लगेच मारले तरी ते दोन पत्ते हातात राहतातच. म्हणून मूल्यमापनात नवे क्रीचर दोन गटांत विभागण्याची पद्धत रूढ आहे. बेनस्लेअरच्या गटातील क्रीचर टिकला तर डाव जिंकून देतो, मलड्रिफ्टरच्या गटातील क्रीचर मेला तरी काही देऊन जातो. ज्या स्पर्धेत क्रीचर मारणारे स्वस्त पत्ते अधिक असतात, तेथे दुसऱ्या गटाचे मोल वाढते. ते कमी असतील तेथे पहिल्या गटाचे.

चार परिस्थितींची कसोटी

पत्त्याचे मोल डावाच्या अवस्थेनुसारही बदलते. ‘लिमिटेड रिसोर्सेस’ या ध्वनिमालिकेशी निगडित ब्रायन वाँग आणि मार्शल सटक्लिफ यांच्यामुळे चार परिस्थितींची कसोटी प्रचलित झाली. दोन्ही बाजू मांडणी करत असताना, डाव बरोबरीत अडकला असताना, आपण पुढे असताना आणि आपण मागे पडलो असताना पत्ता काय करतो, हे तीत स्वतंत्रपणे तपासले जाते. केवळ पुढे असताना चमकणारा पत्ता फसवा असतो, कारण त्या स्थितीत बहुतेक पत्ते चांगलेच वाटतात.

‘फ्लेमटंग काव्हू’ (२००१) हे याचे बोधप्रद उदाहरण आहे. हा चार मानाचा ४/२ क्रीचर मैदानात येताच एका क्रीचरला चार इजा करतो. प्रतिस्पर्धी पुढे असेल तर एकाच पत्त्यात त्याचा एक क्रीचर मारला जातो आणि आपला एक उभा राहतो. परंतु ही इजा ऐच्छिक नाही. मैदानात दुसरा क्रीचर नसेल तर काव्हूला स्वतःलाच लक्ष्य करावे लागते आणि तो मरतो. रिकाम्या मैदानावर निरुपयोगी असलेला हाच पत्ता भरलेल्या मैदानावर त्या काळातील उत्तम क्रीचरांपैकी एक ठरला.

किती प्रती ठेवाव्यात

पत्ता चांगला आहे असे ठरल्यावर त्याच्या किती प्रती ठेवायच्या, हा प्रश्न उरतो. ६० पत्त्यांच्या डेकमध्ये चार प्रती असतील तर पहिल्या सात पत्त्यांत किमान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. एकच प्रत असेल तर ती सुमारे १२ टक्क्यांवर येते. लवकर मांडला तरच उपयोगी पडणारा स्वस्त क्रीचर म्हणून चार प्रतींत ठेवतात. ‘लेजेंडरी’ प्रकारच्या एकाच नावाच्या दोन प्रती एका खेळाडूला सहसा एकाच वेळी मैदानात राखता येत नाहीत. त्यामुळे अशा पत्त्याची दुसरी प्रत पहिलीइतकी मोलाची नसते.

चुकलेले अंदाज

‘टार्मोगॉयफ’ (२००७) हा दोन मानाचा क्रीचर सुरुवातीला अनेकांना साधारण वाटला. त्याची शक्ती पत्त्यावर ठरावीक आकड्यात लिहिलेली नाही. दोन्ही खेळाडूंच्या वापरून झालेल्या पत्त्यांच्या ढिगांत भूमी, क्रीचर, मंत्र असे जितके प्रकार असतील तितकी त्याची शक्ती आणि त्याहून एक अधिक त्याचा चिवटपणा असतो. ढीग रिकामे असताना तो ०/१ असतो. मात्र नेहमीच्या डावात पत्ते आपोआपच खर्ची पडतात आणि तो काही पाळ्यांतच दोन मानात मिळणाऱ्या इतर क्रीचरांहून मोठा होतो. हे ध्यानात आल्यावर त्याची मागणी वाढली आणि पुढे एका प्रतीचा भाव १०० डॉलरच्या वर गेला.

‘स्टोनफोर्ज मिस्टिक’ (२०१०) हा दोन मानाचा १/२ क्रीचर गड्डीतून एक शस्त्रपत्ता शोधून देतो आणि नंतर दोन मानात तो मैदानात उतरवू देतो. त्याचे मोल हाती लागणाऱ्या शस्त्रावर अवलंबून होते. २०११ मध्ये ‘बॅटरस्कल’ हे पाच मानाचे शस्त्र आले आणि तेच तिसऱ्या पाळीत मैदानात येऊ लागले. १ जुलै २०११ पासून स्टँडर्ड प्रकारात मिस्टिकवर बंदी आली. मिस्टिकच्या मजकुरातील एक अक्षरही बदलले नव्हते, बदलले होते ते भोवतालचे पत्ते. मॉडर्न प्रकारातही त्याच्यावर प्रारंभापासून बंदी होती. ऑगस्ट २०१९ मध्ये ती उठवण्यात आली, कारण तोपर्यंत त्या प्रकारातील इतर पत्ते पुरेसे बलवान झाले होते.

निर्मात्यांच्या चुकीचे ठळक उदाहरण ‘नाडू, विंग्ड विस्डम’ हे आहे. जून २०२४ मध्ये आलेला हा तीन मानाचा ३/४ उडणारा क्रीचर आपल्या प्रत्येक क्रीचरला एक क्षमता देतो. तो क्रीचर लक्ष्य झाला की गड्डीवरचा पत्ता मिळतो आणि तो भूमी असेल तर थेट मैदानात जातो. प्रत्येक क्रीचरमागे हे एका पाळीत दोनदा घडू शकते. ‘शुको’ हे २००५ चे जुने शस्त्र क्रीचरला बांधण्यासाठी शून्य माना लागते. त्यामुळे फुकट लक्ष्य करत राहून पत्त्यांचा ओघ सुरू ठेवता येत असे. त्याच महिन्यात अ‍ॅम्स्टरडॅम येथील प्रो टूर स्पर्धा सायमन नील्सन यांनी नाडूच्या डेकने जिंकली. २६ ऑगस्ट २०२४ रोजी मॉडर्न प्रकारात नाडूवर बंदी आली. पत्त्याचा मजकूर रचनेच्या अखेरच्या टप्प्यात बदलला गेला आणि त्या अंतिम रूपाची खेळून चाचणी झाली नव्हती, अशी कबुली रचनाकार मायकेल मेजर्स यांनी दिली.

खेळाडूंवरील परिणाम

मूल्यमापन चुकले तर नुकसान बहुधा खेळाडूच्या खिशाला बसते. बंदी आलेला पत्ता त्या प्रकारच्या स्पर्धेत वापरता येत नाही आणि त्याचा बाजारभाव घसरतो. ‘मॅजिक अरेना’ ही डिजिटल आवृत्ती २०१९ साली पूर्ण स्वरूपात आली आणि २०२१ मध्ये मोबाइलवर उपलब्ध झाली. तिच्यामुळे जवळपास प्रतिस्पर्धी नसलेल्या, बारामती किंवा इंदापूरसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या खेळाडूलाही या खेळाचा मार्ग मोकळा झाला. तेथे हवा तो पत्ता ‘वाइल्डकार्ड’ खर्चून मिळवता येतो. पण दुर्मीळ वाइल्डकार्ड मोजकीच हाती येतात आणि एकदा वापरलेले वाइल्डकार्ड केवळ निवड चुकली म्हणून परत मिळत नाही. पत्ते विकून टाकण्याची किंवा मित्राशी अदलाबदल करण्याची सोयही तेथे नाही. त्यामुळे नवा पत्ता लगेच घ्यावा की काही आठवडे इतरांचे डाव पाहून ठरवावे, हा निर्णय मूल्यमापनाचाच एक भाग बनतो.

मर्यादा

वरील कसोट्या शक्यता सांगतात, निश्चिती देत नाहीत. क्रीचरचे मोल त्याच्यासोबत आणि त्याच्याविरुद्ध खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांवर अवलंबून असल्याने प्रत्येक नव्या संचानंतर जुने निष्कर्षही पुन्हा तपासावे लागतात.