सीझेडटीआय

सीझेडटीआय अर्थात 'कॅडमियम झिंक टेल्युराइड इमेजर' हे भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट या खगोलशास्त्रीय उपग्रहावरील क्ष-किरण उपकरण आहे. गॅमा किरण स्फोट टिपणे हे त्याचे सर्वांत लक्षणीय कार्य ठरले. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याचे आयुका (आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र) आणि इस्रोची काही केंद्रे यांच्या सहकार्याने ते तयार झाले. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून अ‍ॅस्ट्रोसॅट सुमारे ६५० किमी उंचीच्या कक्षेत सोडण्यात आला. सीझेडटीआयने पाठविलेल्या माहितीवर प्रक्रिया करणारे केंद्र आयुकामध्ये आहे.

पार्श्वभूमी

गॅमा किरण स्फोट आकाशात कोठेही, पूर्वसूचनेशिवाय होतो आणि सेकंदाच्या अंशापासून काही मिनिटांपर्यंत टिकतो. साधारणतः २ सेकंदांहून अधिक काळ टिकणारे स्फोट प्रचंड वस्तुमानाच्या ताऱ्याचा गाभा कोसळल्याने, तर त्याहून अल्पकालीन स्फोट दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून होतात, असे मानले जाते. ही विभागणी काटेकोर नाही. गॅमा किरण वातावरणात शोषले जात असल्याने ते टिपण्यासाठी अवकाशातच जावे लागते. अणुचाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी सोडलेल्या अमेरिकेच्या 'वेला' उपग्रहांना १९६७ मध्ये असा पहिला स्फोट आढळला; तो पृथ्वीवरचा नसल्याचे १९७३ मध्ये जाहीर झाले.

रचना व शोधपद्धती

दृश्य प्रकाशाप्रमाणे या किरणांना भिंगाने वा साध्या आरशाने एकत्र आणता येत नाही. शोधकावर किरण आदळला एवढे कळते, तो कोठून आला हे कळत नाही. यावर उपाय म्हणजे छाया. सीझेडटीआयच्या शोधकांवर विशिष्ट आकृतिबंधात छिद्रे पाडलेला, अर्धा मिलिमीटर जाडीचा टँटलम धातूचा पत्रा बसविलेला आहे. त्याची छाया कोठे पडली यावरून स्रोताची दिशा गणिताने काढता येते.

ही सोय समोरच्या सुमारे ४.६ अंशांच्या चौकोनापुरतीच आहे. सुमारे १०० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टहून अधिक ऊर्जेचे किरण हा पत्रा आणि उपकरणाच्या भिंतीही भेदून आत येतात. म्हणून सीझेडटीआयला पृथ्वीने झाकलेला भाग वगळता जवळजवळ सारे आकाश 'दिसते', पण त्याच कारणाने दिशेचे ज्ञान अंधुक होते. उपकरणाचा गुण आणि उणीव येथे एकच आहेत. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, कार्यान्वित झाल्याच्या दिवशीच, त्याने टिपलेला पहिला स्फोट दुर्बिणीच्या रोखापासून सुमारे ६० अंश बाजूला होता. त्याचे नाव 'जीआरबी १५१००६ए'. यातील अंक वर्ष, महिना व दिवस दर्शवितात.

उपकरणात चार स्वतंत्र चतुर्थांश असून त्यांत एकूण १६,३८४ चित्रघटक आहेत. किरणांची संख्या एकाच चतुर्थांशात वाढली तर तो बहुधा शोधकाचा गोंगाट असतो. चारही चतुर्थांशांत एकाच क्षणी वाढली तर स्फोटाची शक्यता विचारात घेतली जाते.

स्थाननिश्चिती

उपग्रहाचे स्वतःचे भागही किरण अडवितात. त्यामुळे किरण ज्या दिशेने आले त्यानुसार शोधकांवरील नोंदींचे वाटप बदलते. उपग्रहाची संगणकीय प्रतिकृती करून निरनिराळ्या दिशांची अपेक्षित नोंद प्रत्यक्ष नोंदीशी ताडली की दिशेचा अंदाज बांधता येतो. दुसरा मार्ग वेळेचा आहे. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किमी जात असल्याने दूरदूरच्या दोन यानांना तोच स्फोट किंचित वेगवेगळ्या वेळी जाणवतो. या फरकावरून स्रोत आकाशातील एका वर्तुळाकार पट्ट्यावर आहे एवढे ठरते. तिसरे यान मिळाल्यास पट्टे एकमेकांना छेदतात. यानांमधील अंतर जितके अधिक, तितका पट्टा अरुंद.

या मोजमापांचे महत्त्व जानेवारी २०१७ मध्ये दिसून आले. ४ जानेवारीला दोन कृष्णविवरांच्या मीलनातून गुरुत्वीय लहरी आल्या आणि शोधक्षेत्रात झपाट्याने मंदावणारा एक प्रकाशस्रोत आढळला. दोहोंचा संबंध खरा असता तर ती असाधारण घटना ठरली असती, कारण अशा मीलनातून प्रकाश अपेक्षित नसतो. सीझेडटीआयने मात्र लहरींनंतर सुमारे २० तासांनी झालेला वेगळा स्फोट (जीआरबी १७०१०५ए) टिपला होता. इतर निरीक्षणांसह केलेल्या अभ्यासातून तो प्रकाश याच स्फोटाचा मागे उरलेला उजेड असल्याचा निष्कर्ष निघाला.

त्याच वर्षी १७ ऑगस्ट रोजी न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाचा स्फोट 'फर्मी' उपग्रहाला दिसला, सीझेडटीआयला दिसला नाही. तो अ‍ॅस्ट्रोसॅटसमोर उघड्या आकाशात झाला असता तर नोंदला गेला असता. अर्थात स्रोत त्या क्षणी पृथ्वीआड होता. या 'न दिसण्या'मुळेही फर्मीने सुचविलेले विस्तीर्ण क्षेत्र आणखी आक्रसले.

मर्यादा व पुढील योजना

अमेरिकेचा 'स्विफ्ट' उपग्रह स्फोट होताच स्वतः त्या दिशेस वळतो व काही सेकंदांत पृथ्वीला कळवितो. सीझेडटीआयची माहिती भूस्थानकावर उतरल्यानंतरच तपासली जाते, त्यामुळे शीघ्र इशारा देण्याचे काम त्याच्याकडून होत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याने टिपलेल्या स्फोटांची संख्या ६०० झाली. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने प्रस्तावित 'दक्ष' मोहिमेत पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना राहणारे दोन उपग्रह योजिले आहेत, जेणेकरून एकाच्या दृष्टीआड गेलेले आकाश दुसऱ्याला दिसावे.