बंद पडलेली पेट्रोल गाडी चालू करताना घाई नको



कळंबोलीचे नाव आता लोखंड बाजार आणि ट्रक टर्मिनलमुळे घेतले जाते. पण पनवेल तालुक्याच्या आतल्या गावांत भातशेती अजून आहे, आणि एखाद्या घरामागे, पेंढ्याच्या उडवीशेजारी, वर्षानुवर्षे उभी असलेली जुनी पेट्रोल गाडीही असते. कधी ती महिंद्राची जीप असते, कधी त्याच कंपनीने 1965 साली काढलेला एफ.सी. 150 हा छोटा ट्रक. सुगी आली, भाड्याचा टेंपो मिळेना, की मग वाटते, बॅटरी आणू आणि सेल मारून बघू.

हेच करू नका. उभ्या गाडीच्या सिलिंडरमधले तेल खाली उतरून जाते. आपल्याकडची खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा दमटपणा आतल्या भिंतींना गंज चढवतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. अशा इंजिनाला जोराने फिरवले तर रिंगा तुटतात, भिंतींवर ओरखडे पडतात. जे इंजिन थोड्या खर्चात चालले असते, ते मिनिटभरात मोडीत जाते.

आधी कागद पाहा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते. नंतर तपासणी करून ती 5-5 वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. मालवाहू गाडीला 8 वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागते. नोंदणी पुस्तक आणि चासी क्रमांक जुळत नसेल, तर पैसे घालण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करा.

इंजिन हाताने फिरवा. गाडी पेंढ्यापासून दूर, उघड्यावर घ्या. उंदरांची घरटी काढा, कुरतडलेल्या वायरी बदला. सर्व प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि एक-दोन दिवस थांबा. मग हँडलने, किंवा पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून, हळूहळू फिरवा. फिरत नसेल तर पुन्हा तेल सोडा आणि वाट पाहा. पान्याला पाइप लावून जोर करू नका. इंजिन मोकळे झाले की जुने ऑइल काढून टाका. ते दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजा आणि मेकॅनिकला दाखवा. रेडिएटरही धुऊन नवे पाणी भरा.

ठिणगी तपासा. हे काम पेट्रोल घालण्यापूर्वीच करा. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटवर गंजाचा पापुद्रा येतो. बारीक पॉलिश पेपरने तो घासा. फट गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवा. पुस्तिका नसेल तर या जीपच्या इंजिनासाठी पॉइंटला सुमारे अर्धा आणि प्लगला पाऊण मिलिमीटर धरावी.

टाकी आणि कार्बोरेटर. जुने पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळ उरते. तीच कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसते. टाकी पूर्ण रिकामी करा, पण ते पेट्रोल शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नका. कार्बोरेटर खोलताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठे झाले की गाडी पेट्रोल जास्त पिते. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब पुरे. फ्लोट कानाशी हलवून पाहा. आत पेट्रोल खळखळले तर तो फुटका आहे, कार्बोरेटर सतत भरून वाहील.

रबराचे सर्व पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा नवाच घाला. आता पंपावर उसापासून आणि धान्यापासून केलेल्या इथेनॉलचे 20 टक्के मिश्रण असलेले पेट्रोल मिळते. जुन्या काळचे रबर ते सहन करत नाही, फुगते आणि चिरते. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढून घेते. म्हणून टाकीत पेट्रोल भरून गाडी पावसाळाभर उभी ठेवू नका.

मग सेल मारा. आधी प्लग न लावता, कॉइलची वायर सोडून, इंजिन फिरवून ऑइलचा दाब येतो का पाहा. नंतर प्लग आणि वायर लावा, टाकीत थोडे ताजे पेट्रोल घाला, चोक ओढा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल मारू नका. कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतण्याची सवय फार वाईट. इंजिन उलटे फिसकारले की भडका थेट हातावर येतो. जवळ वाळूची बादली ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नये. सुरुवातीचा धूर आत सोडलेल्या तेलाचा असतो, तो थोड्या वेळाने कमी होतो. पण चालू झाल्याबरोबर ऑइलचा दाब दिसला नाही तर तत्काळ बंद करा.

चालली म्हणून रस्त्यावर नेऊ नका. ब्रेक ऑइलही ओलावा धरते आणि चाकांतले ब्रेक सिलिंडर आतून गंजतात. ब्रेकचे रबर आणि ऑइल बदला. टायरला चिरा असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, तो टायर बाद समजा. पहिली फेरी शेताच्या वाटेवर, रिकाम्या गाडीने मारा. कळंबोली चौकात द्रुतगती मार्गाची वाहने आणि बंदराचे कंटेनर एकत्र येतात. तिथे ब्रेक लागतो की नाही हे पाहायची वेळ येता कामा नये.

लक्षात ठेवा : आधी तेल, मग ठिणगी, मग पेट्रोल, आणि ब्रेक झाल्याशिवाय रस्ता नाही. या कामाला आठवडा लागला तरी लागू द्या. भात कापणीला येण्याच्या महिनाभर आधी सुरुवात करा, म्हणजे ऐन सुगीत धावपळ होणार नाही.